२ वाजून ४६ मिनिटांच्या आधी

जपानी भाषेत 'सोतेगाई' असा एक शब्द आहे. जे गृहीत धरलं होतं त्याच्या बाहेरचं, असा त्याचा अर्थ. ११ मार्च २०११च्या भूकंप-त्सुनामीनंतर फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्राचं जे झालं, त्याबद्दल बोलताना तेप्को या वीज कंपनीच्या अधिकाऱ्यांनी हा शब्द इतका वापरला की लोक त्याची चेष्टा करायला लागले. शब्द मोठा सोयीचा आहे. कोणी गृहीत धरलं होतं, कधी, कुठल्या खोलीत, समोर कुठला कागद होता, यातलं तो काहीच सांगत नाही. आपल्या सरकारी पत्रांत 'निर्णय घेण्यात आला' असतं ना, त्याच जातीचा. क्रिया आहे, कर्ता बेपत्ता.

हा शब्द मला आठवला तो 'फुकुशिमा ५०' दुसऱ्यांदा बघताना. सेत्सुरो वाकामात्सु दिग्दर्शित हा चित्रपट मार्च २०२०मध्ये आला. केन वातानाबे त्यात केंद्रप्रमुख मासाओ योशिदांच्या भूमिकेत आहे, आणि कोइची सातो कंट्रोल रूममधल्या शिफ्टचा प्रमुख. तीन वर्षांनी नेटफ्लिक्सवर 'द डेज' ही आठ भागांची मालिका आली, तिथे योशिदा झालाय कोजी याकुशो. दोन्हींच्या मुळाशी र्‍यूशो कादोता यांचं पुस्तक आहे. दोन्ही मनापासून केलेल्या कलाकृती आहेत, दोन्ही बघाव्यात. आणि माझी तक्रारही दोन्हींबद्दल एकच आहे: गोष्ट चुकीच्या मिनिटाला सुरू होते.

ते मिनिट म्हणजे दुपारी २ वाजून ४६. चित्रपट सुरू झाला की लगेच जमीन हलते. चालू असलेल्या अणुभट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद पडतात. बाहेरून येणारी वीज तुटते, डिझेल जनरेटर सुरू होतात. इथपर्यंत सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. मग साधारण ५० मिनिटांनी पाणी येतं. केंद्राची पहिली चार युनिटं समुद्रसपाटीपासून १० मीटर उंचीवर होती, लाट तिथे साडेपंधरा मीटरपर्यंत चढली. आणि जनरेटर होते बहुतेक तळघरांत.

यापुढचा तासभर मी श्वास रोखून बघितला, हे कबूल करते. कंट्रोल रूममधले दिवे एकेक करून विझतात, मापकांचे काटे मरतात, आणि कोट्यवधी येनांचं ते यंत्र चालवणारी माणसं टॉर्च घेऊन भिंतीपाशी उभी राहतात. अणुभट्टीत पाणी किती आहे हे कळावं म्हणून ते कर्मचाऱ्यांच्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणतात आणि मापकांना जोडतात. हे खरंच घडलेलं आहे. किरणोत्साराच्या अंधारात जाऊन हाताने व्हॉल्व्ह उघडायचा आहे आणि कोण जाणार हे ठरवायचंय, तेव्हा वयाने मोठी माणसं आधी हात वर करतात. सातोने तो प्रसंग फार कमी शब्दांत केलाय. समुद्राचं पाणी सोडणं थांबवा असा वरून हुकूम येतो, तेव्हा योशिदा शेजारच्या माणसाला हळूच सांगतो की आता मी मोठ्याने काही म्हणेन, तू ऐकू नकोस. आणि मग सगळ्यांसमोर, व्हिडिओवरून बघणाऱ्या मुख्यालयासमोर, थांबवण्याचा आदेश देतो. पाणी चालूच राहतं. ज्यांनी नोकरी केली आहे त्या कुणालाही हा प्रसंग आवडेल.

'द डेज' याहून संथ आणि माझ्या मते याहून प्रामाणिक आहे. चार नंबरच्या युनिटच्या तळघरात बुडून मेलेले दोन तरुण कर्मचारी तिथे विसरले जात नाहीत. युनिट १चा घोळही ती नीट समजावते. वीज नसतानाही भट्टी थंड ठेवणारी एक व्यवस्था तिथे होती, आयसोलेशन कंडेन्सर नावाची. पण नियंत्रणाचा वीजपुरवठा गेला की ती व्यवस्था असं धरून चालते की पाइप फुटला असावा, आणि सुरक्षिततेसाठी आपले व्हॉल्व्ह मिटून घेते. म्हणजे वीज गेल्यावर कामाला यायची ती गोष्ट वीज गेली म्हणूनच बंद झाली, आणि ती चालू आहे की बंद हे दाखवणारे दिवेही गेलेले. सॉफ्टवेअरमधल्या माणसाने हे ऐकून थोडा वेळ गप्प बसावं. आमच्या धंद्यात याला 'फेल-सेफ' म्हणतात. 'सेफ' म्हणजे उघडं की बंद, हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं.

आणि इथूनच माझा प्रश्न सुरू होतो. या सगळ्या गोष्टी कुणीतरी आधी ठरवलेल्या होत्या. जिथे केंद्र उभं आहे तिथे मुळात सुमारे ३५ मीटर उंचीचा कडा होता. १९६०च्या दशकात तो कापून १० मीटरवर आणला. समुद्रातून पाणी खेचणारे पंप आणखी खाली, ४ मीटरवर. त्सुनामीची अपेक्षित उंची धरली ३.१ मीटर, कारण १९६०च्या चिलीच्या भूकंपाची लाट जवळच्या ओनाहामा बंदरात तेवढी नोंदली गेली होती. थोड्या वर्षांची नोंद आणि एक बंदर. २००२मध्ये नव्या पद्धतीने हिशोब झाला आणि आकडा ५.७ झाला, त्याप्रमाणे पंप थोडे वर घेतले. त्याच वर्षी सरकारच्या भूकंप संशोधन विभागाने म्हटलं की जपान खंदकाच्या बाजूने कुठेही त्सुनामी आणणारा मोठा भूकंप होऊ शकतो, आणि पुढच्या ३० वर्षांत त्याची शक्यता सुमारे २० टक्के आहे. फुकुशिमाचा किनारा त्यात आला.

२००८मध्ये तेप्कोच्या भूकंप अभियांत्रिकीच्या लोकांनी ही शक्यता धरून गणित करवलं. उत्तर आलं १५.७ मीटर. १० मीटरच्या जमिनीवर १५.७ मीटर. जूनमध्ये हा आकडा वरिष्ठांपुढे ठेवला गेला. भिंत बांधायची तर काही हजार कोटी येन आणि साधारण चार वर्षं लागतील असा अंदाज होता. ३१ जुलैला अणुऊर्जा विभागाचे उपप्रमुख साकाए मुतो यांनी निर्णय दिला: आधी सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेकडून या पद्धतीचा अभ्यास करून घेऊ. भिंतीचं काम लांबणीवर पडलं. तो आकडा सरकारी नियंत्रकांपर्यंत पोहोचला ७ मार्च २०११ला. त्सुनामीच्या चार दिवस आधी.

२००८च्या त्या बैठकीत आणखी एक माणूस होता. अणुकेंद्रांची यंत्रसामग्री सांभाळणाऱ्या विभागाचे तेव्हाचे प्रमुख, मासाओ योशिदा.

हे मी कुठून खणून काढलेलं नाही. सरकारी चौकशी समितीच्या डिसेंबर २०११च्या अंतरिम अहवालात ते आहे, आणि पुढे फौजदारी खटल्यात त्या बैठकीची चिरफाड झाली. ज्या गटाने गणित केलं त्यातल्या एका अभियंत्याने २०१८मध्ये न्यायालयात सांगितलं की तो निर्णय ऐकल्यावर अंगातलं बळच गेलं. पडद्यावर योशिदाच्या तोंडी शेवटी जो सूर येतो, तो आम्ही निसर्गाला कमी लेखलं असा आहे. सूर पश्चात्तापाचा आहे, खरा वाटतो, आणि वातानाबे तो सुंदर लावतो. पण त्यात निसर्ग आला आणि कागद गेला. १५.७ हा आकडा निसर्गाने लपवून ठेवला नव्हता. तो टेबलावर होता.

चित्रपटाने योशिदांना खलनायक करायला हवं होतं असं मी म्हणत नाही. ते फार स्वस्तात पडलं असतं. ज्या माणसाने २००८मध्ये मान डोलावली त्यानेच २०११मध्ये हुकूम मोडून पाणी चालू ठेवलं, आणि २०१३मध्ये अन्ननलिकेच्या कॅन्सरने वयाच्या ५८व्या वर्षी तो गेला. एवढी मोठी शोकांतिका हातात असताना लेखक-दिग्दर्शकांनी तिचा उत्तरार्धच तेवढा घेतला. टॉर्चच्या उजेडातला माणूस आपल्याला समजतो. एसी चालू असलेल्या बैठकीच्या खोलीत, समोर चहाचे कप आणि आलेखांच्या प्रती असताना, कुणीही आवाज न चढवता 'अजून अभ्यास करू' म्हणणारा तोच माणूस रंगवणं अवघड आहे. तिथे संगीत वाजवता येत नाही.

अवघड आहे, अशक्य नाही. एचबीओच्या 'चेर्नोबिल'ने शेवटच्या भागात न्यायालयाच्या निमित्ताने गोष्ट मागे नेली आणि स्फोटाआधीचे तास, त्याच्याही मागे दडवून ठेवलेली तांत्रिक त्रुटी, हे सगळं लाल-निळ्या पाट्या घेऊन समजावलं. बघणारे कंटाळले नाहीत. त्या मालिकेचेही दोष आहेत, एकाच माणसावर जरा जास्तच ओझं टाकलंय. पण 'का झालं' हा प्रश्न तिने 'काय झालं'इतकाच नाट्यमय मानला.

आम्ही ज्याला पोस्टमॉर्टम म्हणतो, म्हणजे एखादी सिस्टिम कोसळल्यावर लिहायचा अहवाल, त्यात घटनाक्रमाचा एक तक्ता असतो. माझ्या पहिल्या नोकरीत एक वरिष्ठ बाई होत्या. तक्त्याची पहिली ओळ जर 'अमुक वाजता अलर्ट आला' अशी असेल तर त्या अहवाल न वाचता परत पाठवायच्या. पहिली ओळ त्या दिवसाची हवी, ज्या दिवशी कुणालातरी वेगळं ठरवता आलं असतं. बहुतेक वेळा ती तारीख वर्ष-दीड वर्ष मागची निघायची, आणि तिथे 'सध्या प्राधान्य नाही' असा शेरा मारून बंद केलेलं तिकीट सापडायचं. बाईंमुळे मला सिनेमे बघायची वाईट सवय लागली आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. घटना घडून गेल्यावर मागे वळून पाहिलं की प्रत्येक कागद ठळक दिसतो. त्या वेळी असे अनेक आकडे टेबलावर असतात आणि त्यातले बरेच चुकीचे ठरतात. जपानच्या न्यायालयांनीही साधारण हेच धरलं. तेप्कोच्या तीन माजी अधिकाऱ्यांवर, मुतो त्यातले एक, निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्याचा खटला चालला. आरोपात प्रामुख्याने एका रुग्णालयातले आणि वृद्धाश्रमातले ४४ जण होते, घाईघाईच्या स्थलांतरात गेलेले. २०१९मध्ये निर्दोष, २०२३मध्ये उच्च न्यायालयातही निर्दोष, २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. भागधारकांच्या दाव्यात मात्र टोकियो जिल्हा न्यायालयाने २०२२मध्ये चार माजी अधिकाऱ्यांना १३ लाख ३२ हजार कोटी येन भरायला सांगितलं. तोही निकाल २०२५मध्ये उच्च न्यायालयाने फिरवला. तेच कागद, तीच बैठक, आणि दोन न्यायालयांनी दोन टोकांचे निकाल दिले. तुरुंगात कुणाला घालण्याइतका तो अंदाज पक्का होता का, या प्रश्नावर न्यायाधीशांशी वाद घालण्याची माझी लायकी नाही. पण गोष्ट सांगणाऱ्याचा प्रश्न तो नसतोच. गुन्हा सिद्ध होत नाही म्हणून प्रसंगही गाळायचा, असं कुठे आहे?

शिवाय त्याच किनाऱ्यावर दुसऱ्यांनी दुसरं ठरवलं होतं. तोहोकू इलेक्ट्रिकचं ओनागावा केंद्र भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमाहून जवळ आहे. तिथे जमीन १४.८ मीटरवर धरली होती. कंपनीचे जुने अधिकारी यानोसुके हिराई यांनी सन ८६९च्या जोगान त्सुनामीचा दाखला देत उंचीचा आग्रह धरला होता, असं सांगतात. भूकंपात जमीन मीटरभर खचली, लाट १३ मीटरची आली, आणि केंद्र वाचलं. इतकं वाचलं की घरं वाहून गेलेले गावकरी केंद्राच्या व्यायामशाळेत राहायला आले. दक्षिणेला तोकाई इथल्या दुसऱ्या केंद्राने, प्रांताचा नवा अंदाज आल्यावर, पंपांभोवतीची भिंत ६.१ मीटरपर्यंत वाढवली होती. लाट आली ५.४ मीटरची. भिंतीतली काही भोकं बुजवायची राहिली होती, तिथून पाणी शिरलं आणि एक जनरेटर गेला. दोन चालू राहिले. फुकुशिमातसुद्धा युनिट ६चा एक जनरेटर हवेने थंड होणारा होता, पाण्याच्या पंपावर अवलंबून नव्हता; त्या एकट्याने युनिट ५ आणि ६ दोन्ही सांभाळली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत नाट्यमय नायक तोच आहे, पण त्याला कुणी भूमिका दिली नाही.

म्हणून 'अणुऊर्जा सुरक्षित की असुरक्षित' या वादात मला फार गंमत वाटत नाही. २०११नंतर तो जपानमध्ये झाला, जर्मनीत झाला, आपल्याकडेही झाला. ओनागावा दाखवून एक म्हणतो सुरक्षित, दाइइची दाखवून दुसरा म्हणतो असुरक्षित. भौतिकशास्त्र दोन्हीकडे एकच होतं. फरक कापलेल्या कड्याच्या उंचीत होता. जपानमध्ये 'सुरक्षिततेचं मिथक' असा शब्दप्रयोग रूढ आहे. गावकऱ्यांना एकदा सांगितलं की अपघात होणारच नाही, की मग भिंत वाढवणं हीच कबुली होते. उद्या भिंत बांधायला घेतली तर गावकरी विचारणार, काल काय होतं? न्यायालयात दावे, केंद्र बंद ठेवायची वेळ. २००८मध्ये तर तेप्कोचं काशिवाझाकी-कारिवा हे प्रचंड केंद्र आदल्या वर्षीच्या भूकंपामुळे बंद होतं आणि कंपनी तोट्यात गेली होती. त्या खोलीत बसलेल्यांच्या मनावर हे ओझं होतं, हे एका प्रसंगात दाखवता आलं असतं.

ही बाजू संसदेने नेमलेल्या कियोशी कुरोकावा आयोगाने २०१२मध्ये मांडली. हा अपघात मानवनिर्मित आहे आणि नियंत्रक कंपनीच्या मुठीत होते, असं त्याने स्वच्छ म्हटलं. पण इंग्रजी आवृत्तीच्या प्रस्तावनेत अध्यक्षांनी याचं मूळ जपानी संस्कृतीत शोधलं: आज्ञाधारकपणा, समूहवृत्ती, वरिष्ठांना न विचारण्याची सवय. जपानी आवृत्तीत हा मजकूर तसा नव्हता, त्यावर टीकाही झाली, आणि ती मला पटते. 'सगळ्या जपान्यांचा स्वभाव' म्हटलं की कर्ता परत बेपत्ता. 'सोतेगाई'त निसर्ग पुढे येतो, इथे संस्कृती. ३१ जुलैच्या बैठकीला संस्कृती हजर नव्हती, ठरावीक नावांची माणसं होती. आणि ज्याच्या अंगातलं बळ गेलं तो अभियंताही जपानीच होता.

योशिदांच्या साक्षीचं जे झालं तेही असंच. चौकशी समितीपुढे त्यांनी दिलेली सुमारे ४०० पानांची जबानी सरकारने बंद ठेवली होती. मे २०१४मध्ये 'असाही शिंबुन'ने ती मिळवून बातमी दिली की १५ मार्चला ९० टक्के कर्मचारी हुकूम मोडून निघून गेले. गदारोळ झाला. सप्टेंबरमध्ये जबानी प्रसिद्ध झाली, बातमी चुकीची ठरली, दैनिकाने माफी मागून ती मागे घेतली. पण या तीन-चार महिन्यांत सगळा देश भांडला तो एकाच मुद्द्यावर: मागे राहिलेले ते वीर, मग गेलेले ते पळपुटे का? त्याच जबानीत त्सुनामीच्या आधीच्या हिशोबांबद्दलचे प्रश्नही योशिदांना विचारलेले आहेत. ती पानं शौर्याच्या वादाखाली दबली. सहा वर्षांनी आलेल्या चित्रपटाचं नावच 'फुकुशिमा ५०' असावं, यात नवल नाही. परदेशी वार्ताहरांनी दिलेलं हे नाव आहे, आणि मागे राहिलेले प्रत्यक्षात सत्तरच्या आसपास होते.

माझं आजोळ राजापूर तालुक्यात आहे. २०११च्या त्या उन्हाळ्यात मी नववीत जाणार होते आणि घरात जैतापूरशिवाय दुसरा विषय नव्हता. आदल्या डिसेंबरात आरेवा या फ्रेंच कंपनीबरोबर करार झाला होता. १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या माडबनच्या सड्यावर होणार होत्या. १८ एप्रिलला साखरी नाट्यात पोलीस गोळीबारात एक जण गेला. तेव्हा प्रकल्पाच्या बाजूने ऐकलेलं एक वाक्य पक्कं लक्षात आहे: आपला सडा केवढा उंच आहे, तिथे कुठली त्सुनामी येते! मामा त्यावर म्हणायचा, सडा उंच आहे रे, पण पंप कुठे ठेवणार आहेत ते विचार. मामा आंबेवाला, विज्ञानाचा आणि त्याचा संबंध दहावीला सुटलेला. २००४च्या त्सुनामीत कल्पाक्कमच्या केंद्रात पाणी शिरलं होतं ते पंपहाउसातच. तिथे भट्टी सुखरूप बंद करता आली. आणि फुकुशिमातही मूळचा कडा उंचच होता, हे मामाला तेव्हा माहीत नव्हतं. जैतापुरात अजून एकही भट्टी उभी नाही. पण मामाच्या प्रश्नाचं उत्तर काय असेल हे ठरवणाऱ्या बैठका कुठेतरी होत असतील, आणि त्यांवर सिनेमा निघणार नाही.

'फुकुशिमा ५०'मध्ये पहिल्यांदा माझ्या लक्षात न आलेली एक गोष्ट आहे. योशिदा आणि त्याचे शेकडो सहकारी ज्या इमारतीत बसून हे सगळं लढवतात, ती भूकंपरोधक इमारत. जाड भिंती, स्वतःची वीज, मुख्यालयाशी व्हिडिओने संपर्क. २००७च्या भूकंपात काशिवाझाकी-कारिवाच्या आपत्कालीन खोलीचं दारच उघडेना, त्यातून धडा घेऊन तेप्कोने आपल्या केंद्रांत अशा इमारती बांधल्या. फुकुशिमा दाइइचीची इमारत वापरात आली जुलै २०१०मध्ये, त्सुनामीच्या आठ महिने आधी. ती नसती तर तिथे कुणाला राहताच आलं नसतं, हे पुढे कंपनीच्या अध्यक्षांनीही सांगितलं. म्हणजे त्याच काळात, त्याच कंपनीत, एका भूकंपाचा धडा घेऊन इमारत उभी राहिली आणि दुसऱ्या अंदाजाची भिंत अभ्यासाला गेली. चित्रपटाचा निम्म्याहून जास्त वेळ कॅमेरा त्या इमारतीत आहे, आणि ती तिथे कशी आली हे कुणी एका वाक्यात सांगत नाही.

एका दिवसाचं जादा शूटिंग लागलं असतं. टोकियोतलं मुख्यालय, लांब टेबल, जुलैचा उकाडा, भिंतीवर १५.७चा आलेख. वातानाबे हाताशी होताच. तोच चष्मा, केस थोडे काळे, आणि त्याला संवादही फारसे द्यावे लागले नसते.